पडत्या संघाची पायाभरणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपले आयुष्य मुलांना मैदानावर घडविण्यात वेचले. आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांची नावे पुढे वर्तमानपत्रांत झळकू लागली तेव्हाही मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या या माणसाचे नाव क्वचितच कोणाच्या तोंडी आले. त्यामुळे विषय निवडताना मला फारसा विचार करावा लागला नाही. सामन्याचा निकाल लागण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होणारे आणि टाळ्यांचा आवाज न ऐकता चालू राहणारे असे जे खेळाडू हेरण्याचे व घडविण्याचे काम, त्याविषयीच आज बोलावे असे मी ठरविले. उदाहरण मात्र मी दूरचे घेतले आहे. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि खडकीचा धनराज पिल्ले उभे राहतात. परंतु कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हॉकी या नावाने जो खेळ ओळखला जातो तो बर्फावर, पायांत धारदार स्केट बांधून, रबराच्या एका काळ्या चकतीसाठी खेळला जातो. डेट्रॉइटच्या परिसरात मोटारींच्या धंद्यामुळे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुलांना आज हा खेळ क्रिकेटइतकाच जवळचा वाटतो. मी तो निवडला याचे कारण असे की, एखादा संघ कशामुळे बुडाला आणि कशामुळे वर आला याचे दप्तर या खेळात जितके स्वच्छ आणि सर्वांना खुले आहे तितके फारच थोड्या ठिकाणी आढळते. कोणता मुलगा कोणत्या वर्षी, कितव्या क्रमांकावर, कोणी निवडला, आणि त्याच्याआधी कोणाकोणाची निवड झाली, हे सारे तेथे नोंदलेले असते. त्यामुळे शहाणपण कोणाचे आणि चूक कोणाची हे वीस वर्षांनंतरही पडताळून पाहता येते.

नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ मध्ये माँट्रियल येथे स्थापन झाली. १९४२ ते १९६७ या काळात तीत सहाच संघ होते आणि मुलांवर हक्क सांगण्याची त्या काळची रीत आपल्या जुन्या वतनदारीची आठवण करून देणारी होती. प्रत्येक संघ निरनिराळ्या गावांतील कुमार संघांना पैसा पुरवी आणि त्या बदल्यात तेथील मुलांवर आपला शिक्का मारून ठेवी. मुलगा जेमतेम चौदा वर्षांचा झाला नाही तोच त्याच्याकडून व त्याच्या वडिलांकडून एका करारनाम्यावर सही घेतली जाई, आणि त्या एका सहीने त्याचे पुढचे सारे आयुष्य एका संघाच्या पदरी बांधले जाई. बॉस्टनच्या संघाने बॉबी ऑर हा मुलगा मिळविला तो याच रीतीने. १९६१ साली ऑन्टॅरिओतील गॅनानॉक या लहान गावी बॉस्टनचे अधिकारी दुसऱ्याच मुलांना पाहण्यासाठी गेले असता बारा वर्षांचा हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. पुढे काही रोख रक्कम आणि घराला गिलावा करून देण्याचे आश्वासन एवढ्यावर सौदा झाला. बॉस्टनचा संघ तेव्हा इतका हीन अवस्थेत होता की १९६० पासून सलग आठ हंगाम तो बाद फेऱ्यांना, म्हणजे तेथे ज्यांना प्लेऑफ म्हणतात त्यांना, पात्रच ठरला नाही. ऑर १९६६ मध्ये संघात आला, आणि १९७० साली लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ले चषक बॉस्टनला गेला. एका मुलामुळे संघाचे दैव पालटू शकते याचा हा पुरावा आहे. तथापि ज्याच्यापाशी पैसा व गावोगाव हस्तक असतील त्यालाच असा मुलगा सापडणार, हा अन्यायही त्यातच दिसतो.

हा अन्याय दूर करावा म्हणून १९६३ साली ड्राफ्टची पद्धत सुरू झाली. तिचे तत्त्व सरळ आहे. ठराविक वयाला पोहोचलेल्या मुलांची निवड सर्व संघांनी पाळीपाळीने करावयाची, आणि सरलेल्या हंगामात ज्याची सर्वांत दुर्दशा झाली त्याची पाळी आधी लागावयाची. आज बत्तीस संघ सात फेऱ्यांत ही निवड करतात. सामने मुद्दाम हरून पहिली पाळी पदरात पाडून घेण्याचा मोह होऊ लागल्यावर १९९५ पासून चिठ्ठ्या काढण्याचा शिरस्ताही आला, म्हणजे शेवटचा क्रमांक लागला तरी पहिली निवड मिळेलच याची शाश्वती उरली नाही. बारीकसारीक नियम वेळोवेळी बदलत आले आहेत आणि त्यांत मी शिरत नाही.

आता हरणाऱ्या संघाला या मार्गाचाच आश्रय का करावा लागतो, हा प्रश्न आहे. खेळाडू मिळविण्याच्या दुसऱ्या दोन वाटा आहेत. एक, करारातून मोकळा झालेला खेळाडू पैसे देऊन आणणे. दुसरी, आपल्याकडील खेळाडू देऊन दुसऱ्याकडील घेणे. दुसऱ्या वाटेने जावयाचे तर देण्यासारखे काही आधी घरात असावे लागते, आणि दरिद्री संघापाशी नेमके तेच नसते. पहिली वाट ऐश्वर्याची दिसते, परंतु तिच्यावर दोन अडसर आहेत. २००५ साली, संपूर्ण एक हंगाम टाळेबंदीत वाया गेल्यानंतर, प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा घालण्यात आली. ती त्या वर्षी तीन कोटी नव्वद लाख डॉलर होती आणि २०२५–२६ च्या हंगामासाठी नऊ कोटी पंचावन्न लाख झाली आहे. धनाढ्य मालकालाही ती ओलांडता येत नाही. दुसरा अडसर वयाचा. खेळाडू पूर्णपणे मोकळा होतो तो साधारणपणे सत्ताविसाव्या वर्षी किंवा सात हंगाम पुरे झाल्यावर. म्हणजे ज्या वयात त्याच्या अंगी सर्वाधिक वेग व उमेद होती ती वर्षे तो पहिल्या मालकाकडे घालवून येतो, आणि नव्या मालकाला मात्र त्याच्या उतरत्या वर्षांचीही किंमत आधीच लिहून द्यावी लागते. त्यातही नामांकित खेळाडूला जिंकणाऱ्या संघाकडून बोलावणे असताना हरणाऱ्याच्या दारी तो कशाला येईल? आला तर तो वाजवीपेक्षा अधिक दाम मागून येतो. याउलट ड्राफ्टमधून आलेला तरुण पहिली तीन वर्षे नियमाने ठरलेल्या माफक वेतनावर खेळतो, आणि त्याच्या उत्कर्षाचा काळ संघाच्या हाती राहतो. त्याला संघाची कीर्ती पाहून नकार देण्याची सोय सहसा नसते. म्हणून जो संघ तळाशी आहे त्याला बरोबरीच्या अटीवर व्यवहार करता येतो असा बाजार हा एकच आहे, आणि तो वर्षातून एकदाच भरतो.

निवडीचा हा हक्क गमावला म्हणजे काय होते याची साक्ष कॅलिफोर्नियाच्या गोल्डन सील्स या संघाने देऊन ठेवली आहे. ओकलंडचा हा संघ १९६७ च्या विस्तारात जन्मास आला. मुळातच तो दुबळा. तशात १९७० च्या मे महिन्यात त्याने आपली पुढील वर्षाची पहिल्या फेरीतील निवड माँट्रियलच्या सॅम पोलॉक या अत्यंत धूर्त व्यवस्थापकाला देऊन टाकली. पोलॉकने दूरवर पाहिले होते. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये क्युबेक प्रांतातील गी लाफ्लर हा असामान्य मुलगा येणार होता, आणि सील्स शेवटच्या क्रमांकावर राहिले तर तो माँट्रियललाच मिळणार होता. हंगामाच्या मध्यावर लॉस एंजेलिसचा संघ सील्सहून खाली घसरेल की काय असे वाटू लागताच पोलॉकने आपला राल्फ बॅकस्ट्रम हा मुरब्बी खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला. त्यामागे हाच हिशेब होता असे हॉकीचे इतिहासकार सांगत आले आहेत. सील्स शेवटचे आले आणि लाफ्लर माँट्रियलला गेला. त्याच्या काळात माँट्रियलने पाच वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. सील्सनी १९७६ मध्ये गाव सोडून क्लीव्हलंड गाठले, आणि १९७८ मध्ये तो संघ मिनेसोटाच्या संघात विलीन होऊन नामशेष झाला. केवळ या एका सौद्याने तो बुडाला असे मी म्हणणार नाही. त्याच्या कारभारात आणखीही पुष्कळ छिद्रे होती. परंतु ज्या शेतावर पुढील वर्षांची गुजराण व्हावयाची तेच गहाण टाकून आजची चूल पेटविण्याचा हा प्रकार होता, आणि पडत्या संघांचे चालक आजही, दरवर्षी मार्चमध्ये अदलाबदलीची मुदत जवळ आली की, या मोहात सापडताना दिसतात.

या गोष्टीचा एक उत्तरार्ध सांगावयाचा राहिला. लाफ्लरची पहिली तीन वर्षे बेताचीच गेली. चौसष्ट, पंचावन्न आणि छप्पन्न गुण, ही काही पहिल्या क्रमांकाच्या निवडीला शोभणारी कामगिरी नव्हे असे तेव्हा लोक बोलत. चौथ्या हंगामात त्याचे एकशे एकोणीस गुण झाले. माँट्रियलचा संघ मुळातच बलाढ्य असल्यामुळे त्याला हे तीन हंगाम वाट पाहता आले. हाच मुलगा ओकलंडला गेला असता, सर्व भार पहिल्याच दिवशी त्याच्या कोवळ्या खांद्यांवर पडला असता, तर त्याचे काय झाले असते हे सांगणे कठीण आहे. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्सेल डिऑन हा तितक्याच तोलाचा खेळाडू डेट्रॉइटला मिळाला होता. तेथील कारभाराची अंदाधुंदी त्याने चार वर्षे सोसली, शेवटच्या वर्षी एकशे एकवीस गुण मिळविले, आणि १९७५ मध्ये तो लॉस एंजेलिसला निघून गेला. रत्न हाती येऊनही ते राखता न येणे म्हणजे काय, हे डेट्रॉइटच्या रसिकांना त्या वर्षी समजले.

डेट्रॉइटचीच कथा मला आज विस्ताराने सांगावयाची आहे, कारण हे एकच शहर या विषयाच्या सर्व अवस्थांतून गेले आहे. १९५५ साली चषक जिंकल्यानंतर रेड विंग्ज या संघाला जी उतरती कळा लागली ती १९७० नंतर अगदी विकोपाला गेली. १९७१ ते १९८३ या तेरा हंगामांत तो १९७८ चा एक अपवाद वगळता प्लेऑफमध्ये पोहोचला नाही, आणि लोक त्याला रेड विंग्जऐवजी ‘डेड विंग्ज’ म्हणू लागले. १९८२ मध्ये पिझ्झाच्या धंद्यात संपत्ती मिळविलेल्या माइक इलिच यांनी हा संघ विकत घेतला आणि न्यूयॉर्क आयलंडर्सच्या उभारणीत हात असलेल्या जिम डेव्हेलानो यांना जनरल मॅनेजर नेमले. डेव्हेलानो यांचे धोरण असे की, संघ उभारावयाचा तर ड्राफ्टमधूनच उभारावयाचा. १९८३ साली त्यांना चौथी निवड होती. डेट्रॉइटच्या परिसरात वाढलेला पॅट लाफाँटेन मिळावा अशी सर्वांची इच्छा. पण तो तिसऱ्या क्रमांकावर आयलंडर्सकडे गेला, आणि डेट्रॉइटच्या वाट्याला आला अठरा वर्षांचा स्टीव्ह आयझरमन. पुढची तेवीस वर्षे त्या संघाचा इतिहास म्हणजे या माणसाचा इतिहास होय.

इतके असूनही मालकाचा धीर सुटला. १९८५ च्या उन्हाळ्यात इलिच यांनी मुक्त खेळाडूंवर आणि महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांवर सढळ हाताने पैसा ओतला. त्याचा निकाल १९८५–८६ च्या हंगामाच्या पानावर कायमचा लिहिला गेला आहे: सतरा विजय, सत्तावन्न पराभव, सहा बरोबरी. तेव्हाच्या एकवीस संघांत रेड विंग्ज अखेरचे आले आणि त्याची भरपाई म्हणून १९८६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाची निवड त्यांना मिळाली. ती त्यांनी जो मर्फी या महाविद्यालयीन खेळाडूवर खर्च केली. मर्फी पुढे इतरत्र चांगला खेळला, परंतु डेट्रॉइटमध्ये त्याचा जम बसला नाही आणि तीनच वर्षांनी त्याला एडमंटनला देण्यात आले. ज्याला सारे जग भाग्याचा कळस समजते ती पहिली निवड या संघाच्या पुनरुत्थानात जवळजवळ काहीच कामाला आली नाही.

ज्या निवडींनी संघ घडला त्या १९८९ सालच्या होत्या, आणि त्यांपैकी एकही पहिल्या दोन फेऱ्यांतील नव्हती. स्वीडनमध्ये क्रिस्टर रॉकस्ट्रम या निरीक्षकाने व्हेस्टेरॉस येथील एक सडपातळ, शांत स्वभावाचा बचावपटू हेरला होता. तो निकलास लिडस्ट्रम तिसऱ्या फेरीत, त्रेपन्नाव्या क्रमांकावर घेण्यात आला. चौथ्या फेरीत, चौऱ्याहत्तराव्या क्रमांकावर, मॉस्कोच्या लष्करी संघातील सर्गेई फेडरोव्ह. आणि अकराव्या फेरीत, दोनशे एकविसाव्या क्रमांकावर, त्याच संघातील व्लादिमीर कोन्स्तान्तिनोव्ह. सोव्हिएत सरकार आपल्या खेळाडूंना सोडत नसे, म्हणून इतर संघांना त्यांच्यावर निवड खर्च करणे म्हणजे पाण्यात पैसा टाकणे वाटे. डेट्रॉइटच्या माणसांनी मात्र हिशेब असा केला की, चौथ्या फेरीत आपल्या देशात उरलेल्या मुलापेक्षा जगातील एक अव्वल खेळाडू, तो येण्याची शक्यता थोडी असली तरी, अधिक मोलाचा आहे. फेडरोव्ह १९९० मध्ये अमेरिकेतील दौऱ्यावर असताना आपला संघ सोडून आला; लिडस्ट्रम व कोन्स्तान्तिनोव्ह १९९१ मध्ये रुजू झाले. १९९७ साली, बेचाळीस वर्षांनी, चषक डेट्रॉइटला परत आला आणि १९९८ मध्ये तेथेच राहिला. लिडस्ट्रम वीस हंगाम खेळला आणि वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचे पारितोषिक त्याने सात वेळा मिळविले. त्याच्याआधी बावन्न मुलांची नावे पुकारली गेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे निरीक्षकाच्या डोळ्याचे मोल कळते.

पुढे स्वीडनचाच होकान आंदेर्सोन या संघाचा युरोपातील निरीक्षक झाला. मॉस्कोत एका वेगळ्याच खेळाडूची पाहणी करण्यास गेला असता समोरच्या संघातील एका लहानखुऱ्या मुलाकडे त्याची नजर गेली. वयाची मर्यादा गाठल्यावरही आधीच्या ड्राफ्टमध्ये ज्याला कोणीच विचारले नव्हते असा तो पावेल दात्स्यूक १९९८ मध्ये एकशे एकाहत्तराव्या क्रमांकावर डेट्रॉइटने घेतला. पुढच्याच वर्षी हेन्रिक झेटरबर्ग दोनशे दहाव्या क्रमांकावर मिळाला, तोही दुसऱ्याला पाहण्यास गेले असताना सापडलेला. दैवाने साथ दिली असे कोणी म्हणेल. परंतु जो माणूस थंडीवाऱ्यात दूरदेशीच्या रिंकवर जाऊन बसला त्यालाच दैव भेटले. आणि निवड झाली म्हणून त्यांना लगेच बोट धरून अमेरिकेत आणले गेले नाही. दात्स्यूक २००१ पर्यंत रशियात आणि झेटरबर्ग २००२ पर्यंत स्वीडनमध्ये, प्रौढ पुरुषांबरोबर, आपल्या भाषेत आणि आपल्या माणसांत खेळत राहिला. २००८ चा चषक उचलणाऱ्या संघाचे हे दोघे आधारस्तंभ होते.

खेळाडू हेरणे आणि खेळाडू घडविणे या दोन कामांची सांगड येथे दिसते. तिच्या अभावी काय होते ते एडमंटनने दाखविले. २०१०, २०११ आणि २०१२ अशी ओळीने तीन वर्षे या संघाला पहिल्या क्रमांकाची निवड मिळाली: टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि नेल याकुपोव्ह. इतके वैभव असूनही २००७ पासून २०१६ पर्यंत सलग दहा हंगाम तो संघ प्लेऑफपासून वंचित राहिला. २०१० पासून पाच वर्षांत एका हंगामी नेमणुकीसह पाच मुख्य प्रशिक्षक त्या मुलांनी पाहिले. जो येई तो वेगळे शिकवी. याकुपोव्ह २०१६ मध्ये दुसरीकडे गेला आणि आणखी दोन वर्षांत या लीगमधूनच दिसेनासा झाला. अठरा वर्षांच्या मुलाला एका शहराच्या सगळ्या निराशेचा भार वाहावयास लावण्यात मला क्रूरता दिसते, आणि ती व्यवहाराच्या नावाखाली झाकली जाते याचा मला संताप येतो. त्याच एडमंटनने २०१४ मध्ये घेतलेल्या लिऑन ड्रायझायटल या जर्मन मुलाच्या बाबतीत मात्र शहाणपण केले. सदतीस सामन्यांत त्याने दोनच गोल केल्यावर त्याला मुख्य संघात रखडत न ठेवता पुन्हा कुमारांच्या हॉकीत, केलोना येथे पाठविले गेले. तेथे तो त्या वर्षीच्या मेमोरियल चषक स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि २०२० साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट पारितोषिकाचा मानकरी झाला. मागे पाठविणे ही शिक्षा असते असे जे मानले जाते त्याला याहून चांगले उत्तर नाही.

ही उमेदवारी जेथे करावयाची ती जागा म्हणजे दुय्यम दर्जाची अमेरिकन हॉकी लीग. १९३६ पासून चालत आलेल्या या लीगमध्ये मुख्य लीगच्या प्रत्येक संघाचा एकेक जोडसंघ असतो. रेड विंग्जचा ग्रँड रॅपिड्स येथे, बफलोचा रॉचेस्टर येथे. मुख्य लीगमधील बहुसंख्य खेळाडू या लीगमधून गेलेले असतात. येथे सामने बहुधा लहान शहरांत, प्रवास बहुतेक बसने आणि वेतन बेताचे. परंतु मुलाला खेळावयास मिळते, चुकावयास मिळते, आणि चूक सुधारण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फावर उतरता येते. टँपाचा संघ २०१० मध्ये आयझरमनच्या हाती आला तेव्हा त्याने हीच शाळा नीट बसविली. त्या वेळचा जोडसंघ नॉरफोक येथे होता आणि जॉन कूपर त्याचा प्रशिक्षक. २०१२ च्या हंगामात त्या संघाने सलग अठ्ठावीस सामने जिंकले आणि त्या लीगचा कॉल्डर चषकही मिळविला. ड्राफ्टमध्ये ज्याला कोणीच घेतले नाही असा टायलर जॉन्सन आणि दोनशे आठव्या क्रमांकाचा ओंद्रेय पलाट हे दोघे तेथेच तयार झाले. २०१३ मध्ये कूपरला मुख्य संघावर नेमले गेले तेव्हा त्याचे विद्यार्थी आणि तो एकाच सुमारास वरच्या वर्गात गेले. गुरू बदलला नाही, शिकवणीची भाषा बदलली नाही. २०१५ साली हा संघ अंतिम फेरीत पोहोचला, आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन चषक त्याने जिंकले. अठ्ठावन्नाव्या क्रमांकाचा निकिता कुचेरोव्ह आणि एकोणऐंशीव्या क्रमांकाचा ब्रेडन पॉइंट हे त्या संघाचे अग्रणी होते. आयझरमन तोवर तेथून गेलेला होता. फळ दुसऱ्याच्या कारकीर्दीत पिकले.

तो गेला तो २०१९ मध्ये डेट्रॉइटला, आपल्या जुन्या घरी. सलग पंचवीस वर्षे प्लेऑफ खेळण्याचा रेड विंग्जचा क्रम २०१६ नंतर तुटला होता, आणि यशाच्या काळात उशिराच्या पाळ्या व दिल्या गेलेल्या निवडी यांमुळे कोठार रिकामे होते. २०१८ मध्ये त्यांनी सहाव्या क्रमांकावर फिलिप झादिना घेतला, तो टिकला नाही. त्याच्या पाठोपाठ सातव्या क्रमांकावर व्हँकूवरने घेतलेला क्विन ह्यूज, जो त्या वेळी डेट्रॉइटजवळच्याच मिशिगन विद्यापीठात खेळत होता, तो २०२४ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला. एवढ्या जवळचे रत्न नजरेतून निसटावे याचे दुःख त्या शहराला आजही आहे. २०१९–२० च्या हंगामात एकाहत्तर सामन्यांत केवळ सतरा विजय मिळाले, तरी चिठ्ठ्यांच्या खेळात पहिली निवड हुकून चौथी पदरी पडली. तीतून लुकास रेमंड मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी सहाव्या क्रमांकावर आयझरमनने मोरित्झ सायडर या जर्मन मुलाचे नाव पुकारले तेव्हा सारे सभागृह चकित झाले होते, आणि स्वतः सायडरच्या चेहऱ्यावरही तोच भाव होता. त्यानंतरचे दोन हंगाम तो ग्रँड रॅपिड्स येथे आणि मग स्वीडनमध्ये खेळला, आणि मुख्य लीगच्या पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याने मिळविला. तरीही २०२५ पर्यंत रेड विंग्जना प्लेऑफविना नऊ हंगाम झाले. या विलंबाचा दोष काही टीकाकार संयमाच्या धोरणाला देतात. माझे मत वेगळे आहे. घडविलेल्या मुलांनी त्या संघाला दगा दिला नाही; मधल्या काळात ज्या उतरत्या वयाच्या खेळाडूंची त्यांच्याभोवती भरती केली गेली, त्यांच्या करारांनी जागा व पैसा अडविला.

बफलोच्या उल्लेखाशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. २०१२ पासून २०२५ पर्यंत सलग चौदा हंगाम प्लेऑफविना, हा लीगमधील उच्चांक त्या संघाच्या नावावर आहे. निवडी त्याला थोड्या मिळाल्या काय? २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर सॅम राइनहार्ट, २०१५ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर जॅक आयकेल, २०१८ व २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर रास्मुस डालिन आणि ओवेन पॉवर. आयकेल गेला आणि २०२३ मध्ये व्हेगसच्या संघाकडून त्याने चषक उचलला. राइनहार्ट गेला आणि २०२४ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यातील निर्णायक गोल त्याने फ्लॉरिडासाठी केला. याच संघातला रायन ओरायलीही गेला, आणि सेंट लुइसने २०१९ चा चषक जिंकला तेव्हा प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. ज्यांना बफलोत यश आले नाही तेच दुसऱ्या व्यवस्थेत जाताच विजयी झाले. तेव्हा उणीव मुलांत होती असे म्हणण्यास जागा उरत नाही. २०२० च्या जून महिन्यात मालकांनी जनरल मॅनेजरबरोबरच निरीक्षकांपैकी अनेकांना आणि रॉचेस्टरच्या जोडसंघाच्या प्रशिक्षकालाही बडतर्फ केले. मुख्य संघ हरला म्हणून त्याच्या प्रमुखास जाब विचारणे मी समजू शकतो. परंतु ज्या माणसांनी दोन-तीन वर्षांपूर्वी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविषयी आपले मत वहीत लिहून ठेवले होते, ते मत खरे की खोटे हे ठरण्याची मुदतच अद्याप यावयाची होती. त्या वह्या वाचणारा, मुलाचे घर व आईवडील पाहून आलेला माणूसच गेला म्हणजे त्या मुलांना ओळखणारे कोणी मागे उरत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, निरीक्षकांचे आणि जोडसंघाच्या प्रशिक्षकाचे करार मुख्य संघाच्या जनरल मॅनेजरच्या नेमणुकीपासून अलग असावेत आणि ते निदान सहा वर्षांचे असावेत. १९८९ ची निवड १९९७ मध्ये फळास आली, तोवर डेट्रॉइटच्या जनरल मॅनेजरची खुर्ची दुसऱ्याकडे गेलेली होती. तरी डेव्हेलानो यांना संघाने दूर केले नाही, वरच्या पदावर ठेवून घेतले, आणि त्यांच्या निवडींची देखभाल थांबली नाही. खर्चाच्या दृष्टीनेही यात मालकाला अडसर नाही, कारण पगारावरील मर्यादा खेळाडूंपुरती आहे; निरीक्षक किती ठेवावेत, जोडसंघाला किती शिक्षक द्यावेत, यावर कसलाच निर्बंध नाही. श्रीमंत संघाला गरीब संघापुढे जाण्याची ही एक मोकळी वाट आहे, आणि गरीब संघालाही ती एका सामान्य खेळाडूच्या वार्षिक वेतनात चालता येण्यासारखी आहे. डेट्रॉइटहून ग्रँड रॅपिड्स मोटारीने अडीच तासांच्या अंतरावर आहे. तेथील आपल्या मराठी बांधवांनी मुलांना घेऊन कधी तरी त्या गावच्या सामन्याला जावे, कोण वर येण्यासारखे आहे ते पाहावे, आणि पुढच्या हंगामात संघचालक त्या मुलाची जागा एखाद्या चौतिशी उलटलेल्या पाहुण्याला देऊ लागले तर त्यांना पत्र लिहून कारण विचारावे.